उपदेशाने साखर उतरत नाही

मधुमेही मुलाची तपासणी आपल्याकडे पुष्कळदा उलटतपासणीच होऊन बसते. रक्तशर्करेचा आकडा वाढलेला दिसला, की ‘काय खाल्लेस?’ हा पहिला प्रश्न आणि ‘डोळे जातील, मूत्रपिंडे जातील’ हा अखेरचा इशारा! या रीतीला आपण काळजी म्हणतो. वस्तुतः तो धाक आहे.

वयात येताना शरीरातील वाढीचे संप्रेरक इन्शुलिनचा प्रभाव कमी करते. चौदा वर्षांच्या मुलीने पथ्य काटेकोर पाळले, तरी आकडा चढू शकतो. अशा वेळी तिला लबाड ठरवले, तर ती एकच गोष्ट शिकेल : वहीत खोटे आकडे लिहिणे.

शिस्तीचे कैवारी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासाचा हवाला देतात. १,४४१ रुग्णांच्या त्या अभ्यासात, ज्यांचे नेत्रपटल निरोगी होते त्यांना विकार जडण्याचा धोका कडक नियंत्रणामुळे ७६ टक्क्यांनी घटला. हे खरेच. परंतु त्या रुग्णांना दरमहा भेट आणि मध्यंतरी दूरध्वनीवरून विचारपूस लाभत होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते. आपण त्यातला आकडा उचलला. सोबत मात्र तिथेच सोडून आलो.

मिलर आणि रॉलनिक यांनी मांडलेली प्रेरक संवादाची पद्धती नेमकी ही सोबत देते. समुपदेशक आज्ञा करीत नाही. ‘शाळेत सुई घेताना काय अडते?’ असे तो विचारतो, ऐकतो, आणि बदलाचा उच्चार मुलाच्याच तोंडून होऊ देतो. दक्षिण वेल्समध्ये १४ ते १७ वयाच्या ६६ मुलांवर हा प्रयोग झाला. वर्षाअखेरीस समुपदेशन लाभलेल्यांची सरासरी साखर इतरांपेक्षा कमी होती, असे २००७ साली प्रसिद्ध झाले.

यावर आक्षेपक म्हणतील, की ब्रिटनमध्ये डॉक्टर-परिचारिकांनाच संवादाचे प्रशिक्षण देऊन पाहिले, तेव्हा २०१२ च्या निष्कर्षांत साखरेत फरक आढळला नाही. मान्य! पण त्यावरून समुपदेशन निरुपयोगी ठरत नाही. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ते जाताजाता उरकता येत नाही, एवढेच मला त्यातून दिसते. त्यासाठी स्वतंत्र माणूस हवा, स्वतंत्र वेळ हवा.

इन्शुलिनची कुपी आपण चैन मानीत नाही. मग ती रोज टोचून घेणाऱ्या कोवळ्या मनाशी बोलणे तेवढे चैन कसे ठरते?