कोट्यवधींची सुपरकार रोज ऑफिसला का नेत नाहीत?

रविवारी सकाळी मुंबईच्या कोस्टल रोडवर दिसणारी फेरारी सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये सहसा दिसत नाही. कारण पेट्रोलचा खर्च? नाही. महाराष्ट्रात एका कारवरचा कमाल रोड टॅक्सच 2025 मध्ये 20 लाखांवरून 30 लाख झाला. तो भरणारा मायलेज कशाला मोजेल?

खरी अडचण गतिरोधकाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे चढ अगदी हळूवार. आपल्याकडे मात्र अनेक गल्ल्यांत डांबराचा नुसता ढीग असतो. सुपरकारचं पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच वर. ते घासणारच.

यावर पोर्शेच्या 911 मध्ये एक सोय मिळते. बटण दाबलं की कारचं नाक सुमारे 40 मिलिमीटर वर उचललं जातं. जीपीएसवरून ती जागाही लक्षात ठेवता येते. (खड्ड्यांचं काय, ते दर पावसाळ्यात जागा बदलतात!) त्याच ढिगावर आपटणाऱ्या बाईकवाल्याकडे असं बटण नसतं.

म्हणूनच रोज चालवायची लॅम्बोर्गिनी हवी असेल, तर अनेकजण उंच बांध्याची 'उरुस' एसयूव्ही घेतात. कंपनीचं सर्वाधिक खपाचं मॉडेलही तेच आहे.