परवान्यावरचा वानप्रस्थ

आमच्या मंडळाच्या सभांतून अलीकडे एक नवे भाषण ऐकू येऊ लागले आहे. निवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहणे हाच आजचा वानप्रस्थ, असे त्याचे सार. वक्ते बहुधा सुखवस्तू असतात; श्रोत्यांत मात्र आम्ही केंद्र सरकारचे कारकून अधिक. तेव्हा ह्या भाषणाचा हिशेब एखाद्या कारकुनानेच तपासणे बरे.

आरंभीच सांगतो की, जाणाऱ्यास मी मायभूमीचा द्रोही मानीत नाही. ज्यांचे आजोबा पोटासाठी दिल्लीस आले आणि ज्यांनी स्वतः जन्म सरकारी क्वार्टरात काढला, त्यांनी स्थलांतराबद्दल दुसऱ्यास बोल लावू नये. क्वार्टर तरी आपले कुठे असते? निवृत्तीनंतर सहा महिने, की किल्ल्या परत! दिल्लीत घर घेण्याची ऐपत नाही आणि गावच्या घराला भावकीचे कुलूप. अशा माणसास समुद्रापलीकडचे एखादे स्वच्छ, शांत गाव खुणावू लागले, तर नवल ते काय?

आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी ह्याच विचाराने थायलंडमधील चिआंग माई येथे जाऊन राहण्याची तयारी करीत आहेत. कागदपत्रे जुळविण्याचे काम त्यांनी मजकडे सोपविले. नियम वाचणे हा माझा पेशाच; ते मी अक्षरशः वाचले.

वय ५० पूर्ण हवे. दरमहा ६५,००० बाट उत्पन्न हवे, नाहीतर तेथील बँकेत ८,००,००० बाटांची ठेव. आमच्या सहकाऱ्यांचे निवृत्तिवेतन महागाई भत्ता धरून सत्तर हजार रुपयांच्या आसपास; ते पहिल्या अटीच्या निम्म्यासही पोहोचत नाही. राहिली ठेव. ती रुपयांत वीस लाखांच्या वर जाते. आमच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादाच, २०२४ साली वाढविल्यानंतर, २५ लाखांची आहे. म्हणजे आयुष्यभराच्या चाकरीचे फळ परक्या बँकेत ठेवावयाचे आणि त्याकडे बघत बसावयाचे. कारण ही रक्कम अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने जशीच्या तशी राहिली पाहिजे. पुढेही ४,००,००० बाटांच्या खाली येता कामा नये. एवढे करून राहण्याची मुदत किती? एक वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावयाचा. भाचीच्या लग्नास भारतात यावयाचे झाले, तर पुनःप्रवेशाचा परवाना आधी काढावयाचा. विसरलात तर वर्षाची मुदत बुडाली. तेथे नोकरी करता येत नाही, जमीन आपल्या नावे घेता येत नाही. शिवाय आपल्या सरकारास दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो तो वेगळाच! एका सरकारला ‘मी जिवंत आहे’ असे कळवावयाचे आणि दुसऱ्याला ‘मी येथेच आहे’ असे. अरण्यवासी मुनींना ही यातायात नव्हती.

थायलंडचा ह्यात दोष नाही. आपल्या दारी कोणास किती दिवस बसवावे, हे प्रत्येक राष्ट्राने ठरवावे. ब्रिटनने निवृत्तांसाठीचा असा मार्ग २००८ साली बंद केला. मलेशियाने २०२१ साली मासिक उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून एकदम ४०,०००वर नेली. साठीत मांडलेला हिशेब सत्तरीत तसाच राहील, ह्याची हमी कोणत्याच परवान्यावर छापलेली नसते.

तथापि माझा खरा आक्षेप निराळाच आहे. कागद चाळताना सहकाऱ्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, ह्यांचं सगळं झालं. पण ह्यांच्यामागं मी तिथं कोण?”

मी पुन्हा नियम उघडले. परवाना पतीच्या वयावर आणि पतीच्या ठेवीवर. पत्नी त्यावर अवलंबून. तिच्या राहण्याला पतीच्या परवान्याखेरीज दुसरा आधार नाही. पती गेला की तो आधारही गेला. ठेव पतीच्या एकट्याच्या नावे असावयाची. तो गेल्यावर ती मिळविण्यास तिला तेथल्या न्यायालयाची पायरी चढावी लागणार, तीही परक्या भाषेत आणि मुदत संपत असताना. मृत्युपत्र केले तरी न्यायालय टळत नाही. तिने परत यावे म्हणावे, तर कोठे? क्वार्टर सुटले, भांडीकुंडी विकली, आणि हाती कुटुंब निवृत्तिवेतन: वाढीव दराची मुदत संपली की शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि महागाई भत्ता. तेवढ्यात दिल्लीत एका खोलीचे भाडे आणि औषधपाणी भागवून दाखवावे, असे माझे वक्त्यांना आव्हान आहे.

वानप्रस्थाचे नाव घेणाऱ्या ह्या मंडळींनी मनुस्मृतीचा सहावा अध्याय तरी वाचावा. वनाकडे निघालेल्याने पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे, असे तेथे सांगितले आहे. स्त्रीविषयी मनूने जे इतरत्र म्हटले, त्याचा मी मुळीच चाहता नाही. पण निघण्यापूर्वी तिचे काय, हा प्रश्न त्यालाही पडला होता. आमच्या वक्त्यांना तो तासाभराच्या भाषणात एकदाही पडत नाही. हवा, फळे, मसाज, स्वस्त भाडे ह्यांची वर्णने होतात; विधवेचा उल्लेखही नसतो. त्या सभांत निम्म्या खुर्च्यांवर स्त्रियाच बसलेल्या असतात.

मी सहकाऱ्यांना सांगितले की, ठेवी दोन करा, एक काकूंच्या नावे, म्हणजे त्यांचा स्वतंत्र अर्ज होईल. तेवढे पैसे नसतील, तर आधी भारतातच त्यांच्या नावे छप्पर करा, मग खुशाल जा. ते रागावले. “तू मला आत्ताच मारतोस काय?” म्हणाले. चार दिवस झाले, दुपारच्या डब्याला ते वेगळे बसतात. फाइल माझ्या खणात आहे. काकूंच्या नावचा कागद तीत आल्यावाचून मी ती पुढे सरकविणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.