पेटी चालते, तर हा डबा का नको?

वार्षिक एकांकिकेच्या पार्श्वसंगीतासाठी घरी बनवलेला सिंथेसायझर वापरायचा की नाही, यावर मंडळाच्या मागच्या बैठकीत पाऊण तास गेला आणि निर्णय झालाच नाही. आक्षेप तीन होते. हे व्हिडिओ गेमसारखं वाजतं. हे वाद्य नाही, खेळणं आहे. आणि हे मराठी रंगभूमीच्या परंपरेत बसत नाही. पहिला आक्षेप अगदी खरा आहे. दुसऱ्यावर वाद घालता येईल. तिसरा मात्र मला बिलकुल मान्य नाही, आणि बैठकीत तो सर्वांत मोठ्या आवाजात मांडला गेला म्हणून हा लेख.

ज्यांनी वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आपल्या मंडळातली एक मैत्रीण ग्वाल्हेरची. लष्करात, म्हणजे दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये छावणी टाकली त्या भागात, दाल बाजारात तिचं घर. खाली डाळींची घाऊक दुकानं, सकाळपासून पोत्यांची चढउतार आणि हातगाड्या, वर हे लोक. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहिले तेव्हा हा डबा जुळला. डबा म्हणजे खरोखरच डबा, खालच्या दुकानात वानगीची तूरडाळ ठेवायचा पत्र्याचा. आत पुठ्ठ्याचं अस्तर, एक आर्डुइनो, छोटा ॲम्प्लिफायर, वर बटणं, आणि मधोमध चाळीस पायांची काळी चिप. नाव एवाय-३-८९१०. जनरल इन्स्ट्रुमेंट या अमेरिकन कंपनीने ती १९७८ मध्ये बाजारात आणली. आर्केडमधले खेळ आणि ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक हिच्यावर वाजत. आता ती बनत नाही, जुन्या साठ्यातली मिळते, आणि कधीकधी दुसऱ्याच चिपवर नवं नाव छापलेली मिळते. आमची दुसऱ्या खेपेची खरी निघाली.

तर व्हिडिओ गेमसारखं वाजणारच, ती आली तिथूनच आहे. तिच्यात तीन आवाज आहेत, तिन्ही चौकोनी लहरीचे, म्हणजे थोडे किरटे. शिवाय एक खरखर. या खरखरीला नावं ठेवू नका. तिचा वेग आणि आवाज कमीजास्त केला की पाऊस येतो, आगगाडी येते, लांबची गर्दी येते. आपल्या एकांकिकेत हे तिन्ही आहेत, आणि गेल्या वर्षी ते मोबाइलवरून वाजवताना पाऊस नायिकेच्या वाक्यावर चढला होता. माणूस बटणावर बसला असेल तर तो नटीचा श्वास बघून पाऊस धरतो. एवढं एकच कारण मला पुरेसं होतं. पण बोलणं परंपरेवर गेलं, तर तिथे जाऊ.

परंपरा म्हणजे कुठली? पेटी? तिचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली अलेक्झांडर दबेन यांनी घेतलं. पायाने भाता मारायचा ऑर्गन मिशनऱ्यांबरोबर, चर्चमधून आला, आणि बालगंधर्वांच्या नाटकांत असा मुरला की आज ऑर्गनचा सूर ऐकला की लोकांना नाट्यगीतच आठवतं, चर्च नाही. (मला दोन्ही आठवतात, पण ते असो.) पेटीला ठुमरीच्या मैफलीत मान मिळवून देणाऱ्यांत ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले भैया गणपतराव होते. म्हणजे जिथे हा डबा जुळला त्याच गावात एक परकं वाद्य घरचं झालं. आणि तरीही १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती थेट १९७१ मध्ये सैल झाली. या तीस वर्षांत नाटकात, कीर्तनात, भजनात पेटी वाजतच होती. रेडिओला तेवढी ती वर्ज्य.

आमच्या धर्मातही हे झालंय. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानोला आणि ढोलांसारख्या गोंगाटी वाद्यांना मनाई केली. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखून सांगितलं की उपासनेला साजतील अशी इतर वाद्यंही चालतील. वाद्य कुलीन की हलकं हे प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवतं, आणि साठ वर्षांनी दुसरं कुणी वेगळं ठरवतं. आपल्या मंडळाने या रांगेत उभं राहायची गरज आहे का?

पण आकाशवाणीच्या बंदीमागे एक खरा मुद्दा होता, तो मी सोडणार नाही. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले. तंबोऱ्यावर गाणाऱ्याचा शुद्ध गांधार षड्जाच्या सव्वापट असतो. पेटीचा त्याहून अर्ध्या स्वरांतराच्या साधारण सातव्या हिश्शाने चढा. पट्टी दाबली की तो तसाच येणार. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल याच काट्यामागे लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं तारेवर मोजून त्यांनी श्रुती काढल्या, १९१० मध्ये पुस्तक लिहिलं, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशासोबत लंडनहून श्रुतींची पेटी बनवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण भातखंड्यांसारख्यांना पटली नाही. सूर एकदा घासून बसवला की बसला, ही तिची अडचण.

आता डब्याकडे. या चिपला सूर सांगायचा म्हणजे एक आकडा द्यायचा, १ ते ४०९५ मधला कुठलाही. चिप तिच्या ठोक्याला आधी सोळाने आणि मग या आकड्याने भागते. म्हणजे आकडा मोठा तर सूर खालचा. हे तारेच्या लांबीसारखंच झालं की! लांबी निम्मी केली की वरचा सा, दोन-तृतीयांश केली की पंचम. हे लक्षात आल्यावर आम्ही दाल बाजारातल्या त्या खोलीत, कुणाच्या तरी बिलबुकाच्या मागच्या पानावर, आकडे मांडत बसलो. सा ७२० धरला. कोमल रे ६७५, शुद्ध रे ६४०, कोमल ग ६००, शुद्ध ग ५७६, मध्यम ५४०, तीव्र मध्यम ५१२, पंचम ४८०, कोमल ध ४५०, शुद्ध ध ४३२, कोमल नी ४००, शुद्ध नी ३८४, वरचा सा ३६०. बाराच्या बारा पूर्णांक. कुठे अपूर्णांक नाही, कुठे जवळपास नाही. ज्या कंपनीने खेळातल्या गोळीबारासाठी ही चिप काढली तिला याची कल्पनाही नसणार.

मैत्रिणीचे आजोबा आयुष्यभर पेटी वाजवत आलेले, दाल बाजारातल्या नाट्य मंदिरात मराठी नाटकं बघत म्हातारे झालेले. आधी ते डब्याकडे बघून “हे काय कबाड” एवढंच म्हणाले. मग तंबोऱ्यावर ५७६ वाजवला. त्यांनी हात वर केला, म्हणजे थांबू नका. ऐकलं, पेटी ओढली, तिचा गांधार दाबला, सोडला. “अगं, हा आपल्या पेटीत नाहीच आहे,” म्हणाले. नंतर अर्धा तास डबा त्यांच्याकडेच होता.

याचा अर्थ हा डबा पेटीहून थोर, असं मी म्हणत नाही. बटण हळू दाबा की जोरात, आवाज तोच. आवाजाच्या पायऱ्या फक्त सोळा. मींड घेतली तर वरच्या सप्तकात आकडे लहान होत जातात आणि सूर पायऱ्या उतरल्यासारखा खडखडत येतो. यावर कुणी ख्याल वाजवायला गेलं तर मी स्वतः उठून जाईन. पण आपल्याला ख्याल नकोय. एकांकिकेला धरलेला सा हवाय, दोन ओळींचं पद हवंय, आणि पाऊस.

‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दाला बिचकणाऱ्यांना एवढंच विचारते, बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, तो आज किती मोठमोठ्या गायकांच्या मागे असतो? मुंबईचे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभर वाजली.

एक आक्षेप बैठकीत कुणी घेतला नाही, तो मीच घेते. तयार कीबोर्ड विकत का घेऊ नये? आपल्या हॉलमध्ये एक आहेही. त्यात शेकडो आवाज आहेत, एका बटणावर ढोलकीसुद्धा वाजते. पण आजवर आपण कुणी त्याचा गांधार हलवलेला नाही, कारण हलवावा असं सुचतच नाही. डब्यात सुचावंच लागतं, तो आकडा दिल्याशिवाय तोंडच उघडत नाही. साहित्य शिकणाऱ्या मुलांना गुणोत्तरं मांडायला लावणारं वाद्य मला तरी दुसरं भेटलेलं नाही.

तालमीला येणाऱ्यांसाठी व्यवहाराचं. चिपचा ठोका बदलला की पट्टी बदलते, तंबोरा चढवावा-उतरवावा तशी, आणि आकडे तेच राहतात. आर्डुइनोमधून सध्या तीन ठोके मिळतात. त्यांवर सा पांढरी चारच्या किंचित खाली, काळी एकवर, किंवा खालच्या काळी पाचच्या जवळ येतो. मुलींना वरची काळी पाच लागते, ती तिसऱ्या ठोक्यावर सा ३६० धरून देता येईल. त्यात अकरा स्वर नीट बसतात, फक्त कोमल रिषभाला ३३७.५ हवा आणि चिपला अर्धा आकडा कळत नाही. तेव्हा पहिल्या प्रवेशातलं भैरवातलं पद कोण म्हणणार, ते शुक्रवारपर्यंत ठरवा.