कॅमेऱ्याचा कार्पेट एरिया

मेगापिक्सेल हा आकडा ज्याने पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक टायपात छापला, त्या गृहस्थाला एकदा आमच्या चाळीच्या सर्वसाधारण सभेपुढे उभे करावे, असे माझे ठाम मत आहे. आमच्या सभेत जिन्यातल्या बल्बच्या खर्चावर पाऊण तास चर्चा होते. बल्ब किती वॉटचा, कुठून आणला, जुना जळाला तो कुठे आहे, दाखवा. अशा सभेपुढे ‘वीस मेगापिक्सेल’ एवढे बोलून खाली बसायची कोणाची छाती नाही. ‘वीस, पण किती जागेत? व्हाउचर कुठे आहे?’ हे प्रश्न तिसऱ्या मजल्याने विचारलेच असते. आणि गिरगावातल्या तिसऱ्या मजल्याला उत्तर देणे हे रिझर्व्ह बँकेच्या इन्स्पेक्टरला उत्तर देण्यापेक्षा अवघड असते.

मी कॉमर्सचा पदवीधर. सायन्सवाल्यांना आकड्यांबद्दल आदर असतो, आम्हाला संशय असतो. एकटा हिंडणारा आकडा दिसला की त्याच्या बरोबरचा दुसरा आकडा कुठे दडवला आहे, हे आम्ही आधी शोधतो. ‘पैसे दुप्पट’ असे भिंतीवर लिहिले असेल तर किती वर्षांत, हे कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात असते. कॅमेऱ्याच्या खोक्यावर तर ती मुंगीसुद्धा बहुधा सापडत नाही.

आता एक बँक क्लार्क कॅमेऱ्याच्या वाटेला का गेला, ते सांगतो. आमची चाळ पाडायची आहे. गणपती झाले की जागा खाली करायची, असे ठरले आहे. तेव्हा जाण्याआधी गॅलरी, जिना, सामाईक मोरी, आणि या सगळ्यात पन्नासहून अधिक वर्षे वावरलेली आमची आई, यांचे चार बरे फोटो काढून ठेवावेत, इतकाच हेतू.

“मोबाइल असताना कॅमेरा कशाला?” असे आमचे हेडकॅशियर म्हणाले. बहुतेक दुनिया तेच म्हणते. २०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. २०२३ साली ऐंशी लाखही नाहीत. मी आधी मोबाइलवरच प्रयत्न केला होता. तिन्हीसांजेला आई तुळशीच्या डब्यापाशी दिवा लावत असताना काढलेला फोटो तिला दाखवला. तिने चष्मा पुसून पाहिला आणि विचारले, “ही कोण रे?” फोनने तिच्या गालावरच्या साऱ्या सुरकुत्या बुजवून तिला पीठ चाळून काढल्यासारखी गोरी केली होती. फोन अंधारात झटपट अनेक फोटो घेतो, ते एकावर एक रचतो आणि उरलेले अंदाजाने भरतो. याला आमच्याकडे हिशेब जुळवणे म्हणतात. ते काय असते हे निदान बँकेतल्या माणसाला तरी शिकवू नये. आणि दोनशे मेगापिक्सेलचा म्हणून विकलेला फोन नेहमीच्या वापरात सोळा-सोळा पिक्सेलांची मोट बांधून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, हे हेडकॅशियरांना सांगितल्यावर ते बराच वेळ स्वतःच्या फोनकडे पाहत बसले.

तर व्ही.टी.समोरच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर गेलो. (स्टेशनचे नाव बदलून वर्षे झाली, पण गिरगावकराची जीभ अजून व्ही.टी.लाच उतरते.) दुकानदाराने काउंटरवर दोन छोटे कॅमेरे ठेवले. दोन्ही कॅननचे. एक पॉवरशॉट एसएक्स ७४०, २०१८ साली निघालेला. दुसरा पॉवरशॉट जी ७ एक्स मार्क थ्री, २०१९ चा. पहिल्याचे वजन २९९ ग्रॅम, दुसऱ्याचे ३०४. दोन्ही वीस मेगापिक्सेल. पहिल्याला चाळीसपट झूम, दुसऱ्याला सव्वाचारपटही नाही. आणि दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट.

“साहेब, पिक्सेलमंदी काय पण फरक नाय. दोन्ही ट्वेंटी. झूम हवा तर हा घ्या, पैसे पण वाचतील,” दुकानदार म्हणाला.

वीस, वीस आणि दुप्पट भाव! ज्या ताळेबंदात दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि तरी पैसे कमी पडतात, तिथे कुठली तरी एंट्री गाळलेली असते. ती गाळलेली एंट्री म्हणजे सेन्सर. पूर्वी फिल्म असायची, तिच्या जागी आता ही चकती. पहिल्या कॅमेऱ्यातल्या चकतीला ‘एक भागिले दोन पूर्णांक तीन’ म्हणतात आणि दुसऱ्यातल्या चकतीला ‘एक’. एक काय? दुकानदार म्हणाला, इंच. मी म्हटले, दाखवा एक इंच. तर ही ‘एक इंच’ चकती प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. कर्ण मोजला तरी सोळा मिलिमीटर. आमच्या शाळेत इंचाला २५.४ मिलिमीटर होते. बाकीचे साडेनऊ कुठे गेले?

ते गेले काचेत. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला की आत चित्र उमटायची जागा कर्णात सोळा मिलिमीटरच्या आसपास उरे. नळ्या केव्हाच भंगारात गेल्या, तरी माप अजून काचेसकट चालू आहे. कंपन्या हल्ली छापताना ‘इंच’ शब्द हळूच गाळून ‘टाइप’ म्हणतात, म्हणजे कायद्यालाही बोट ठेवता येऊ नये. बाजारात मात्र सगळे इंचच म्हणतात.

मुंबईकर वाचकाला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. हा सुपर बिल्टअप एरिया आहे! भिंती, लिफ्ट, लॉबी आणि वॉचमनची केबिन धरून सांगितलेला. या शहरात माणसांनी दोन पिढ्या सातशे फुटांचे पैसे मोजले आणि साडेचारशे फुटांत पलंग बसवला. अखेर २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला कार्पेट एरिया लिहून द्यायला भाग पाडले. टीव्हीच्या खोक्यावरसुद्धा आपल्याकडे बत्तीस इंचांऐवजी ठळकपणे ‘८० सेंटिमीटर’ छापावे लागते, कारण वजनमापांचा कायदा आहे. साध्या बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम असतात. मग कॅमेऱ्याचीच जागा चौरस मिलिमीटरमध्ये, पिक्सेलांच्या शेजारी, तेवढ्याच जाडीच्या टायपात छापायला काय हरकत आहे? माझी मागणी एवढीच आहे. पण ती कोणी मान्य करील असे दिसत नाही. कारण मान्य केली तर आतला हिशेब असा दिसेल:

पहिल्या कॅमेऱ्याचा सेन्सर ६.१७ बाय ४.५५, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. दुसऱ्याचा ११६. आता मिलिमीटरच्या जागी मीटर घाला. २८ चौरस मीटर म्हणजे ३०० चौरस फूट. जुन्या पागडीच्या चाळीच्या पुनर्विकासात कायद्याने भाडेकरूला किमान जेवढी जागा मिळते, बरोबर तेवढी! आणि ११६ चौरस मीटर म्हणजे साडेबाराशे फूट कार्पेट, दादरच्या हिंदू कॉलनीत नुसता भाव विचारायलाही इस्त्रीचा शर्ट घालून जावे लागेल असा. या दोन्ही जागांत भाडेकरू मात्र सारखेच: दोन कोटी. आता सांगा, ‘दोन्हीकडे भाडेकरू सारखेच आहेत, काय पण फरक नाय’ असे म्हणून कोणी घर विकले तर तुम्ही घ्याल?

गर्दीने बिघडते काय, हे कळायला नळाची रांग आठवावी. प्रकाश म्हणजे म्युनिसिपालिटीचे पाणी आणि पिक्सेल म्हणजे त्याखाली लावलेले भांडे. दुपारच्या उन्हात धो धो पाणी असते, तेव्हा वाटीही भरते आणि कळशीही. संध्याकाळी धार करंगळीएवढी झाली की वाटीत तळाला चार थेंब, आणि त्यातले निम्मे गाळ. त्या गाळालाच फोटोवरचे दाणे म्हणतात. मग कॅमेऱ्यातला संगणक ते दाणे पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर माणसाच्या भुवयाही पुसतो. शिवाय भिंगाचे तोंड. पूर्ण रुंद चित्र घेताना पहिल्याचे एफ ३.३, दुसऱ्याचे एफ १.८. मी दुकानातच विथड्रॉवल स्लिपच्या मागे गुणाकार मांडला. भिंगाचा फायदा ३.४ पट, जागेचा ४.१ पट. दोन्ही मिळून दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चकतीवर जवळजवळ चौदापट प्रकाश पडतो. चौदापट! आणि खोक्यावर दोघांच्याही छातीवर एकच बिल्ला: वीस.

“साहेब, तुमी कॅमेरा घेताय का फ्लॅट?” दुकानदाराने विचारले.

हा आकडा पूर्वी प्रामाणिक होता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो दहा हजार पिक्सेलांचा. मेगापिक्सेलचा शंभरावा हिस्सा. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. तेव्हा पिक्सेल वाढणे ही खरी प्रगती होती. पण आपण अल्बमात लावतो तो चार बाय सहाचा फोटो नीट छापायला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. बाकीचे पावणेअठरा म्हणजे लग्नात आलेली लेमन सेटची सतरावी पेटी.

झूमबद्दल काय बोलावे? चाळीसपट म्हणजे चाळीसपट लांबचे दिसते, असा सार्वत्रिक समज आहे. तसे काही नसते. भिंगाच्या सर्वांत लांब टोकाला सर्वांत आखूड टोकाने भागले की हा आकडा येतो. ९६० भागिले २४. लालबागच्या रांगेत लांबून राजाचा मुखडा टिपायला हे उपयोगी पडेल म्हणून लोक घेतात. पण पूर्ण लांब केल्यावर भिंगाचे तोंड एफ ६.९ इतके मिटते आणि हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन दिसतो. मागून लोटणाऱ्या गर्दीत राजा आशीर्वाद देताना थरथरतो आहे, असा फोटो मिळतो. भर दिवसा गिरगाव चौपाटीवरून मलबार हिलवरच्या गच्च्यांत काय वाळत घातले आहे ते मात्र स्वच्छ दिसेल. आमच्या दहा फुटी खोलीत एवढा झूम लावला तर आईचे दोन डोळे आणि मध्ये नाक मावते. कुंकवापर्यंत पोचायला दुसरा फोटो. हां, हिवाळ्यात शिवडीच्या जेटीवर जाऊन खाडीतले फ्लेमिंगो टिपायचे असतील तर बिनदिक्कत पहिला घ्या. पक्षी लांब असतात आणि ऊन फुकट असते. ज्याला हेच करायचे आहे त्याने दुसऱ्यावर दुप्पट पैसे घालणे हा शुद्ध उधळेपणा.

घेण्याआधी कॅमेऱ्यांची चौकशी करणे हा काही आमचाच किरकिरेपणा नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून लंडनला गेले, तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाकडे जाऊन कुठला कॅमेरा घ्यावा हे विचारले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. (पॉलिसी तारण ठेवून कॅमेरा! आमच्या मॅनेजरने तो अर्ज वाचूनच बाजूला ठेवला असता.) परत आल्यावर भांडवलदाराला त्यांनी काय दाखवले? यंत्राचे आकडे नाही. वाटाण्याचे रोप बीमधून उगवून वर कसे येते, याची फिल्म दाखवली. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो त्या वाटाण्याच्या जोरावर.

म्हणून मीही दुकानदाराला माझा वाटाणा मागितला. दुकानात इतके दिवे लावलेले असतात की त्या लखलखाटात सगळेच कॅमेरे हुशार. ही परीक्षा म्हणजे उत्तरपत्रिका आधी वाटून घेतलेली परीक्षा. मी म्हटले, “मला तुमच्या इमारतीच्या जिन्यात दोन्हीने एकेक फोटो काढू द्या.” तो तयार नव्हता. मी बँकेत बावीस वर्षे काढली आहेत. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य किती वेळ उभे राहिले की मोडते, हे मला पक्के ठाऊक आहे. मी उभा राहिलो. अखेर त्याने पोऱ्याला बरोबर दिले. जिन्यात मीटरच्या पेटीखाली एक म्हातारा हमाल डबा खात बसला होता. त्याची परवानगी घेऊन त्याचे दोन फोटो काढले. पहिल्यात पागोटे ओळखू येत होते. दुसऱ्यात पांढरे खुंट, डोळ्यांखालच्या रेषा आणि भाकरीवर उमटलेली बोटे दिसत होती. पोऱ्या मागून डोकावून म्हणाला, “शेठ, ह्यात चाचा दिसतो.” दोन वर्षे विक्री करून त्याला कोणी हे दाखवलेच नव्हते.

दुसरा घेतला. बारा हप्त्यांत. पण घरी आल्यावर त्या खोक्यावरच्या वीसच्या आकड्याकडे पाहून पुन्हा डोके तापले, म्हणून एक चिठ्ठी फाडून त्यावर ‘११६ चौ. मि.मी. (कार्पेट)’ असे लाल शाईने लिहिले आणि ती ठळक आकड्यावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी पुनर्विकासाच्या कराराची प्रत द्यायला चाळीचे सेक्रेटरी आले. खोके टेबलावरच होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि दार लोटून घेत हळूच विचारले, “हे कुठल्या बिल्डरचं आलंय? आपल्यापेक्षा बरं देतोय का?”