चौक चकाचक, आड कोरडा

आज पिकाचं नाही, गावच्या चौकाचं लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

तीन वर्षांपूर्वी आमच्या चौकाचं सुशोभीकरण झालं. देवळापासून चावडीपर्यंत पेव्हर ब्लॉक, त्याखाली काँक्रीटचा थर, पाराला फरशी, आडावर स्लॅब. नारळ फुटला, फोटो निघाले. आज पारावरच्या लिंबाचे शेंडे वाळत चाललेत, कारण बुंध्यापर्यंत सिमेंट भिडवलंय. दुपारी फरशी तव्यागत तापते. मोठा पाऊस झाला की खालच्या आळीत पाणी घरात शिरतं.

शेतकऱ्याचा साधा हिशोब बघा. चौक 10 गुंठ्यांचा, म्हणजे साधारण 1000 चौरस मीटर. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. 25 मिलिमीटरच्या एका पावसात 25 हजार लिटर झालं. पाच हजार लिटरचे पाच टँकर! पूर्वी यातलं काही मुरायचं, आडाला पाझर लागायचा. आता सगळं नाल्यात. शेतात बांधबंदिस्ती करायची, अन् गावातलं पाणी हाकलून देऊन उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, हे कुठलं शहाणपण?

म्हणे "काम केलं नसतं तर निधी परत गेला असता". अहो, 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग तर पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. पाऊसपाणी साठवणं त्यात बसत होतं. आड उपसायचं कुणाला सुचलं नाही, कारण विचारलंच कुणाला नाही.

दोष एकट्या सरपंचाचा नाही. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यात जे कमी ते लागतात. तेवढेही जमले नाहीत, सभा तहकूब झाली, अन् तहकूब सभेला कोरम लागत नाही. मी त्या दिवशी कांद्याला पाणी देत होतो. नंतर रजिस्टर घरी आलं, न वाचता सही केली. लिंब वाळतोय त्यात माझीही सही आहे.

आता बाजारतळावर कमान आणि पुन्हा ब्लॉक, असा दुसरा टप्पा येतोय. माझं म्हणणं एवढंच. आधी महिलांची सभा घ्या, कायद्यात ती आहेच. गावात पाणी कुठं तुंबतं, सावली कुठं लागते, ते बायकांना जास्त माहीत असतं. एस्टिमेट त्यानंतर करा. लिंबाभोवती चार हात माती मोकळी करा. आडाचा स्लॅब काढून वर जाळी बसवा, शाळेच्या पत्र्याचं पाणी गाळून त्यात सोडा. गाळ काढायला मी दोन दिवस येतो, ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं.

हिवरे बाजारानं ग्रामसभेत बसून पाण्याचा ताळेबंद मांडला. त्यांना कुणी वेगळी बुद्धी दिलेली नव्हती, माणसं सभेला बसली एवढंच.

15 ऑगस्टला सभा आहे. पाणी रात्री द्या, मोटार दोन तास बंद ठेवा, पण या. आणि सही वाचूनच करा.