घायपात, घूस आणि व्हाइसरॉय

कागदावर घायपाताचे रोप आणि त्याला खेटून घुशीसारखा, बिळे करणारा एक प्राणी. कुणालाही शेताचे चित्र वाटावे! पण हे आहे मेक्सिकोचे पहिले स्पॅनिश व्हाइसरॉय आंतोनिओ दे मेंदोसा यांचे नाव. तेथील नाहुआत्ल भाषेत घायपात म्हणजे ‘मेत्ल’ आणि तो प्राणी ‘तोसान’. शेवटचे ध्वनी गाळून दोन्ही जोडले, की झाले ‘मेतोसा’. मुळात या भाषेत ‘द’ नाहीच. तेव्हा परक्या साहेबाचे नाव याहून जवळ आणायचे तरी कसे?

स्वतःच्या लोकांची नावे काढणे चित्रकाराला सोपे जाई, कारण त्यांना अर्थ असे. १४२७ ते १४४० या काळात राज्य करणारा इत्स्कोआत्ल म्हणजे काळ्या ज्वालामुखी काचेचा नाग. चित्रातही नागाच्या अंगावर काचेची पाती रोवलेली. त्याच्या आधीचा राजा चिमाल्पोपोका, म्हणजे ‘धुमसणारी ढाल’. त्याच्या ढालीतून धुराची वलये निघतात.

वाचणाऱ्याची खरी परीक्षा सामान्य माणसांच्या नावांत होते. नुसती ढाल दिसली तर ‘चिमाल’, पण ढालीबरोबर शस्त्र असले तर ‘याओत्ल’, म्हणजे शत्रू. बाळाचे नाव शत्रू ठेवणारे आईबाप तिथे पुष्कळ होते! ‘शोचित्ल’ म्हणजे फूल, आणि हे चक्क पुरुषांचे नाव.

वेशोत्सिंको भागात १५६० साली कर ठरवण्यासाठी शिरगणती झाली. ती वही आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. माणसाचे डोके, शेजारी नावाचे चित्र आणि जोडीला रोमन लिपीत नाव, अशी नोंद. या जोडनोंदीमुळेच अभ्यासकांना कित्येक चित्रे उलगडली. बाप्तिस्म्यात मिळणारी हुआन, पेद्रो, मार्तिन ही नावे मोजकीच. एका वस्तीत पेद्रो किती निघतील! कोणत्या पेद्रोच्या माथी कर, हे जुन्या नावावरूनच कळे.

मुलींच्या नावांत एवढी हौस दिसत नाही. बहुतेकींची नावे जन्माच्या क्रमाने: थोरली तियाकापान, मधली त्लाको, तिच्या पाठची तेइकू आणि सर्वांत धाकटी शोको. ‘शोकोत्ल’ म्हणजे आंबट फळ. मराठी घरातही धाकटीला शेंडेफळच म्हणतात.