उंबऱ्याबाहेरही आपलंच घर असतं

घर विकायला काढलं की एजंटचा एक सल्ला ठरलेला असतो, "दारात दोन छान कुंड्या आणून ठेवा, गिऱ्हाइकावर चांगली छाप पडते." अमेरिकेत या प्रकाराला 'कर्ब अपील' असं भारदस्त नाव आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत घर आवडलं पाहिजे, म्हणजे भाव चांगला येतो, असा सरळ हिशेब. तिकडे त्यासाठी घरापुढे हिरवळ लावतात, फुलांचे ताटवे करतात. सिंगापुरात पुढे अंगण असलेली घरं मोजकीच, त्यामुळे आपल्याकडे सगळं दोन कुंड्यांवर भागतं. सौदा झाला की कुंड्यांचं कामही संपलं!

माझी तक्रार कुंड्यांबद्दल नाही, मुहूर्ताबद्दल आहे. आठ-दहा वर्षं ज्या दारापुढे चपलांच्या रॅकशिवाय काही नव्हतं, ते दार नेमकं विकायच्या महिन्यात आपल्याला सजवावंसं का वाटतं? एकदाच येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी जे सुचतं, ते रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यासाठी का सुचत नाही? आपल्या मराठी घरांत आत पाहावं तर लख्ख! देव्हारा घासलेला, सोफ्यावर स्वच्छ अभ्रे, भिंतीवर वारली चित्र. आणि दाराबाहेर? जुन्या छत्र्या, मुलांची मोडकी स्कूटर, कुरियरचे रिकामे खोके. उंबरा ओलांडला की आपली जबाबदारी संपली, असंच जणू आपण धरून चालतो.

ही काही आपली रीत नव्हे. आपल्याकडे दिवसाची सुरुवातच उंबऱ्याबाहेर व्हायची. कोकणातलं सारवलेलं खळं असो की देशावरचं अंगण, सकाळी सडा पडायचा, रांगोळी उमटायची. कुंपणाला जास्वंद, तगर, कण्हेर, मधोमध तुळशीवृंदावन. घराचा भाव वाढावा म्हणून कुणी सडा घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. वाटेने जाणाऱ्याला प्रसन्न वाटावं आणि आलेल्याला इथे माणसं नांदती आहेत हे कळावं, एवढंच त्यामागे होतं.

"अहो, पण आता अंगण आहे कुठे?" असं कुणी म्हणेल. मुंबईच्या चाळीत तरी कुठे होतं? तिथे होती सामाईक गॅलरी, जेमतेम दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील एवढी. त्याच गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस वाढली, कठड्याच्या गजांवर गोकर्णाचा वेल चढला आणि दिवाळीत प्रत्येक दारापुढे वीतभर रांगोळी निघाली. गॅलरी सगळ्यांची, पण दारापुढचा तुकडा झाडायचा तो ज्याचा त्याने! एचडीबीचा कॉरिडॉर या गॅलरीचा सख्खा चुलतभाऊच आहे. मग चाळीत जे जमलं, ते इथे का जमू नये?

याची उत्तरं मी अनेकदा ऐकली आहेत. ती एकेक करून तपासू.

पहिलं उत्तर, "आम्ही इथे किती दिवस? भाड्याचं घर, पासवर मुक्काम." मंडळी, गिरगाव-परळच्या चाळींतही बहुतेक भाडेकरूच राहत होते! मालकीहक्क हातात येईपर्यंत तुळस लावायची नाही, असं त्यांनी ठरवलं असतं तर गॅलऱ्या ओसाड राहिल्या असत्या. आपली मुलं इथल्या शाळांत शिकतात, इथल्या मैदानांत खेळतात. त्यांच्यासाठी हे घर म्हणजे वेटिंग रूम नाही. दाराबाहेरचं काहीच आपलं नाही, हे ती आपल्याकडे पाहून शिकतात आणि तेच पुढे घेऊन जातात.

दुसरं उत्तर, "इथे नियम फार कडक." नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. कॉरिडॉर ही आग लागल्यास सुटकेची वाट. तिथे किमान 1.2 मीटर रुंदीची मोकळी जागा राहिलीच पाहिजे. कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, कारण दहाव्या मजल्यावरून पडलेली कुंडी जीव घेऊ शकते. पण याचा अर्थ झाडच नको असा होत नाही. टेप घेऊन मोजावं, भिंतीला लागून दोन-चार लहान कुंड्या ठेवाव्यात, शंका असेल तर टाउन कौन्सिलला विचारावं. कॉन्डोत राहणाऱ्यांनी मॅनेजमेंटला विचारावं. न विचारताच "परवानगी नाही" म्हणणं, हा नियम पाळणं नव्हे, कंटाळा झाकणं आहे.

तिसरं उत्तर, "डास होतात." ही भीती खरी आहे. 2020 मध्ये सिंगापुरात डेंग्यूचे 35,000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले. पण एडिस डास पैदा होतो साचलेल्या पाण्यात, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. कुंडीखालची ताटली रिकामी करून पुसायची, कडक झालेली माती सैल करायची, फुलदाणीतलं पाणी बदलायचं. दिवसाकाठी दोन-तीन मिनिटांचं काम! ज्याला तेवढंही जमणार नाही त्याने खरोखरच कुंडी ठेवू नये. दुर्लक्षित झाड शेजाऱ्याच्या घरी ताप पाठवू शकतं.

चौथं उत्तर जरा हुशारीचं. "सिंगापूर तरी दिखाव्यावरच मोठं झालं ना?" 16 जून 1963 रोजी ली क्वान यू यांनी फॅरर सर्कसपाशी मेंपाटचं झाड लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली. 1967 मध्ये 'गार्डन सिटी'ची कल्पना मांडली गेली. हिरवे, नीट राखलेले रस्ते पाहून गुंतवणूकदारांचा विश्वास बसावा, हा त्यात हेतू होता हे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहिलं आहे. म्हणजे सगळ्या देशाचंच 'कर्ब अपील'! मान्य. पण त्याच आठवणींत हेही आहे की मध्यमवर्गाची वस्ती आणि कामगारांची वस्ती असा भेद झाडं लावताना केला नाही. पाहुण्यांसाठी लावलेल्या पर्जन्यवृक्षाखाली बसची वाट पाहणाऱ्या आजीलाही सावली मिळाली. शिवाय पाहुण्यांवर छाप पडली ती रोजच्या निगेची. विक्रीच्या महिन्यात आणलेल्या कुंड्यांना ही निगा कुठून येणार?

आता खरा मुद्दा. या देशातली दहापैकी जवळजवळ आठ माणसं एचडीबीत राहतात. 1989 पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय सगळे मिसळून राहावेत असं सरकारी धोरण आहे. सरकार आपल्याला शेजारी आणून देतं, शेजारधर्म मात्र आपणच पाळायचा असतो. चिनी नववर्षाला शेजारच्या दारात कुमक्वाटची जोडझाडं पिवळ्या फळांनी लगडलेली दिसतात. हरी रायाला मलय घरापुढे दिवे लागतात. आपल्या दारात तोरण आणि तुळस दिसली की "हे काय?" असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नातून ओळख होते. कढीपत्त्याची डहाळी दिली की पंदानचं पान परत येतं. बंद दार आणि चपलांचा रॅक पाहून कोण काय विचारणार?

म्हणून माझ्या साध्या सूचना. आधी पसारा आवरा. मग ऊन बघा. ऊन येत असेल तर तुळस, कढीपत्ता, गवती चहा. नुसता उजेड असेल तर मनी प्लांट, पंदान. सावलीत तुळस ठेवून तिचे हाल करू नका. गावाहून रोप बॅगेत लपवून आणू नका. त्याला परवाना लागतो, आणि इथल्या नर्सऱ्यांत पुष्कळ काही मिळतं. दारात जागाच नसेल तर जवळची सामुदायिक बाग शोधा. 2005 साली सुरू झालेल्या 'कम्युनिटी इन ब्लूम'मुळे अशा दोन हजारांहून अधिक बागा झाल्या आहेत. आणि मंडळातल्या भगिनींना विनंती, पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी एकेक रोप द्या. रोपासोबत ताटली पुसायची आठवणही द्या!

यामुळे घराचा भाव वाढेल का, ते एजंटला विचारा. मला एवढंच म्हणायचं आहे की आपण घर सोडून गेल्यावर "इथे ते तुळसवाले राहायचे" असं शेजाऱ्यांनी म्हणावं. "कोण बरं राहायचं इथे?" असं विचारायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.